हलत्या माणसाचं हृदय मोजताना

तुमचा प्रश्न असा आहे: घड्याळ पूर्वी फक्त वेळ दाखवायचं. तिथून ते ठोके, ऑक्सिजन, झोप, आता तर ईसीजी (हृदयाच्या विजेचा आलेख) दाखवण्यापर्यंत कसं पोचलं? आणि आईसाठी (वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही) असं एखादं घ्यायचं ठरवलं, तर त्यातल्या कोणत्या आकड्यावर विसंबायचं?

या दोन प्रश्नांचं उत्तर एकत्रच द्यावं लागेल. कोणत्या आकड्यावर विसंबायचं हे तो आकडा कुठून येतो यावर ठरतं, आणि तो कुठून येतो हे ही यंत्रं कशी घडत गेली ते पाहिलं की नीट कळतं. मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. सुरुवातीची बरीच वर्षं रुग्णालयांतली ईसीजी, होल्टर (दिवसभर अंगावर राहणारं ईसीजी यंत्र) आणि मॉनिटर सांभाळण्यात गेली, आता अंगावर घालायच्या सेन्सरच्या चाचण्या करतो. त्यामुळे स्मार्ट चष्मे, हेडसेट वगैरे बाजूला ठेवून हृदय आणि रक्त याबद्दलच लिहितो. तुमच्या आईंना उपयोग त्याचाच आहे.

स्वस्थ पडलेल्या माणसाचं हृदय मोजण्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीलाच सुटला होता. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोवेन यांनी जे यंत्र उभं केलं ते साधारण २७० किलोचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण खुर्चीत बसायचा, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायचा, आणि हृदयाची वीज त्या पाण्यातून यंत्रापर्यंत जायची. त्यातून निघणारा आलेख इतका स्वच्छ होता की त्यांनी लाटांना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आजही प्रत्येक ईसीजीवर आहेत. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण रुग्णाने हलायचं नाही, ही अट कायम राहिली. जिना चढताना ज्याला घेरी येते त्याचा ईसीजी टेबलावर झोपवून काढला तर बहुतेक वेळा तो साफच येतो. तिथून पुढची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी झाली: माणूस चालत, काम करत, झोपत असताना मोजायचं कसं. माझ्या मते अंगावरच्या यंत्रांचा खरा इतिहास हाच आहे. पडद्याचे रंग आणि ॲप ही त्यातली खूप उशिराची भर.

अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या हेलेना गावी नॉर्मन होल्टर नावाचे संशोधक होते. १९४७ च्या सुमारास त्यांनी पाठीवर साधारण ३८ किलोचं ओझं घेऊन, जागेवर उभ्या केलेल्या सायकलचे पेडल मारत, स्वतःचा ईसीजी रेडिओवरून पाठवून दाखवला. ते वजन व्हॅक्यूम ट्यूब आणि त्यांना लागणाऱ्या बॅटऱ्यांचं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये ट्यूबची जागा घेणारा छोटासा ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या काही वर्षांत ते ओझं खांद्याला अडकवता येईल अशा टेप रेकॉर्डरवर आलं. १९६१ मध्ये होल्टर यांनी 'सायन्स' नियतकालिकात ही पद्धत मांडली.

मला स्वतःला वजन कमी होण्यापेक्षा त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. दिवसभरात हृदय लाखभर वेळा ठोकतं. हा सगळा आलेख टेपवर आला, पण तो बघणार कोण? होल्टर यांनी टेप साठपट वेगाने फिरवली, प्रत्येक ठोका पडद्यावर आधीच्या ठोक्यावर चढवला आणि सोबत आवाजही दिला. ठोके सारखे असतील तर पडद्यावर एकच स्थिर आकृती दिसायची आणि कानाला एकसुरी आवाज यायचा. एखादा वेडावाकडा ठोका आला की रेघ उडायची, सूर मोडायचा. भरमसाट माहितीतून कामाचं तेवढं वेचणं, जे आज घड्याळातलं सॉफ्टवेअर करतं, त्याची सुरुवात इथे झाली.

होल्टर लावणं प्रत्यक्षात कसं असतं तेही सांगतो, कारण घड्याळाच्या मर्यादा त्यातून कळतात. छातीवरचे केस काढायचे, कातडी स्पिरिटने पुसून जराशी घासायची, जेलवाले इलेक्ट्रोड चिकटवायचे, वायरी टेपने पक्क्या करायच्या, यंत्र कमरेला किंवा गळ्यात अडकवायचं. मुंबईत मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटायचे आणि अर्ध्या रात्रीचा आलेख वाया जायचा. 'आंघोळ नको, बाकी सगळं रोजच्यासारखं करा' असं बजावून सांगितलं तरी कितीतरी रुग्ण घरी जाऊन दिवसभर पडून राहायचे, म्हणजे ज्यासाठी यंत्र लावलं तेच व्हायचं नाही. सोबत एक कागद द्यायचो: काय करत होतात, किती वाजता, काय वाटलं. तो कागद नीट भरलेला असेल तर अहवालाला अर्थ यायचा. होल्टर वाचणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला शिकवली जाणारी एक गोष्ट म्हणजे दात घासताना हाताच्या झटक्यांनी उमटणारा आलेख. तो हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारखा, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या जीवघेण्या वेगवान ठोक्यांसारखा दिसतो. खरे ठोके त्या गोंधळात दडलेले असतात आणि ते शोधून काढावे लागतात.

या काळात मनगटावर काय चाललं होतं? १९६९ च्या नाताळात जपानच्या सेकोने ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, किंमत साडेचार लाख येन. १९७२ मध्ये हॅमिल्टनचं पल्सार आलं, लाल दिव्यांच्या आकड्यांचं. त्यात वेळ बघायची तर बटण दाबावं लागे, कारण आकडे सतत पेटते ठेवले तर सेल लगेच संपायचा. आज मनगट वर केल्यावर पडदा उजळतो तोही याच कारणासाठी. अंगावरच्या प्रत्येक यंत्राची पहिली मारामारी विजेशी असते. पावलं मोजण्याचं यंत्र जपानच्या यामासा कंपनीने १९६५ मध्ये आणलं आणि दहा हजार पावलांचं लक्ष्य त्याच यंत्राच्या विक्रीसोबत जगभर पसरलं. त्यामागे तेव्हा वैद्यकीय अभ्यास नव्हता. आईंची पावलं चार-पाच हजारांवर थांबत असतील तर त्यांना टोचून बोलू नका.

हलत्या माणसाचे ठोके वायरशिवाय मोजणारं पहिलं बाजारी यंत्र फिनलंडमधून आलं. औलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगस यांना स्कीइंगच्या खेळाडूंचे ठोके सरावाच्या मधोमध मोजायचे होते. खेळाडूला थांबवून नाडी धरली की तेवढ्यात ती उतरायला लागते. त्यांनी १९७७ मध्ये पोलार कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीवरचा ट्रान्समीटर आणि मनगटावरचा रिसीव्हर अशी जोडी विक्रीला आणली. छातीचा पट्टा थेट हृदयाची वीज पकडतो, म्हणून आजही पळताना ठोके मोजायला त्याच्याइतकं भरवशाचं साधन नाही. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना मी घड्याळासोबत पट्टा घ्यायलाच सांगतो.

आता प्रकाशाकडे वळू, कारण तुमच्या घड्याळामागचा हिरवा दिवा एका वेगळ्याच वाटेने आला आहे. बोटातून प्रकाश टाकला तर प्रत्येक ठोक्याला तो किंचित कमी-जास्त होतो, कारण रक्ताची लाट आली की प्रकाश जास्त शोषला जातो. सेंट लुईसच्या ॲलरिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर पद्धतशीर काम केलं. म्हणजे घड्याळामागचं मूळ तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं आहे.

पुढचा टप्पा जपानचे ताकुओ आओयागी यांचा. निहॉन कोहडेन कंपनीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं हे मोजायच्या मागे होते. रक्तात रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून तो रंग कसा ओसरतो ते पाहायचं, अशी पद्धत होती. पण प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरायचा. ती थरथर मारण्यासाठी त्यांनी दोन वेगवेगळ्या प्रकाशांचे आलेख एकमेकांतून वजा करून पाहिले. जमलं. पण रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती वजाबाकी बिघडायची. तिथे त्यांच्या लक्षात आलं की ही बिघडलेली वजाबाकीच ऑक्सिजनचं प्रमाण सांगते आहे. ज्या थरथरीला ते त्रास समजून काढून टाकत होते तिच्यातूनच १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटर निघाला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारा क्षण हाच.

त्याची साधी पुढची आवृत्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत महाराष्ट्रात घरोघरी स्वयंसेवक फिरले तेव्हा त्यांच्या हातात तापमापक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले.

बोट आणि मनगट यांत मात्र फरक आहे. बोटाच्या एका बाजूने प्रकाश आत टाकून दुसऱ्या बाजूने पकडता येतो. मनगटात हाड, स्नायू, शिरा असा सगळा पसारा असल्याने प्रकाश आरपार जात नाही. परतून येतो तेवढाच मोजायचा. हिरवा प्रकाश रक्तात चांगला शोषला जातो आणि कातडीत फार खोल शिरत नाही, त्यामुळे आतल्या हालचालींचा गोंधळ कमी राहतो. म्हणून ठोक्यांसाठी हिरवा. ऑक्सिजनसाठी मात्र लाल आणि इन्फ्रारेड लागतातच. परत येणाऱ्या प्रकाशात ठोक्यामुळे होणारा बदल एक-दोन टक्के, कधी त्याहून कमी. हात हलवला, पट्टा सरकला, मूठ आवळली की होणारा बदल त्याच्या कितीतरी पट मोठा. विहिरीच्या काठावरून आतल्या माणसाची कुजबुज ऐकावी आणि वर रहाटाचा खडखडाट चालू असावा, तसं हे काम आहे.

मग हे जमलं कसं? तीन गोष्टी एकाच सुमारास हाताशी आल्या. मोटारींच्या एअरबॅगसाठी १९९० च्या दशकात बनलेले सिलिकॉनचे हालचाल मोजणारे सेन्सर स्वस्त आणि तांदळाच्या दाण्याएवढे झाले. २०१० मध्ये ब्लूटूथची कमी वीज खाणारी आवृत्ती आली, त्यामुळे फोनशी दिवसभर जोडलेलं राहणं परवडू लागलं. आणि छोट्या सेलवर आकडेमोड करू शकणाऱ्या चिप आल्या. २००९ च्या पहिल्या फिटबिटमध्ये फक्त हालचालीचा सेन्सर होता, कपड्याला चिमट्याने लावायचा. पुढच्या पाच-सहा वर्षांत हिरवे दिवे मनगटावर आले, एप्रिल २०१५ मध्ये ॲपल वॉच आलं. हालचालीचा सेन्सर सांगतो की हात असा हलला, आणि सॉफ्टवेअर प्रकाशाच्या आलेखातून तेवढी हालचाल वजा करतं. आओयागींनी केलं तेच, फार मोठ्या प्रमाणावर.

ही वजाबाकी कुठे फसते ते स्वतः पाहता येतं. एकसारख्या लयीत पळताना पावलं मिनिटाला १६० पडत असतील आणि घड्याळ ठोके १६० दाखवत असेल, तर थांबून मानेवर दोन बोटं ठेवा आणि नाडी मोजा. अनेकदा ती १३० च्या आसपास निघते. घड्याळाने पावलांची लय पकडलेली असते. आमच्या चाचण्यांत ही चूक सर्वांत चिवट ठरते, कारण आकडा खोटा असला तरी दिसायला अगदी पटण्याजोगा असतो.

ईसीजीवाल्या घड्याळांबद्दल. सप्टेंबर २०१८ मध्ये ॲपलने वॉचच्या चौथ्या मालिकेत ही सोय जाहीर केली. घड्याळाची मागची बाजू एका मनगटाला टेकलेली, दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या बाजूच्या गोल कळीवर, असं ३० सेकंद बसायचं. दोन हातांमधली वीज मोजायची, म्हणजे आइंटहोवेन यांच्या दोन भांड्यांतलीच मोजणी, ज्याला डॉक्टर आजही पहिली लीड म्हणतात. खराखुरा ईसीजी आहे तो, पण एकाच बाजूने पाहिलेला. ठोक्यांची लय त्यात चांगली कळते. हृदयविकाराचा झटका त्यात कळत नाही, कारण त्यासाठी हृदयाकडे अनेक बाजूंनी बघावं लागतं आणि रुग्णालयातल्या बारा लीडचा ईसीजी त्यासाठीच असतो. घड्याळाने 'सायनस ऱ्हिदम' (म्हणजे लय नेहमीसारखी) लिहिलं म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नये, हे आईंना आणि घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

लयीच्या बाबतीत घड्याळ किती कामाचं, यावर मोठा अभ्यास झाला आहे. स्टॅनफर्डच्या पाहणीत ४,१९,२९७ लोकांनी ॲपल वॉच वापरलं. अनियमित ठोक्यांची सूचना आली जेमतेम ०.५२ टक्के लोकांना. त्यांच्यापैकी ज्यांनी ईसीजी नोंदवणारी पट्टी छातीवर लावून परत पाठवली, त्यातल्या ३४ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं) सापडलं. हा आकडा कमी वाटेल, पण हा विकार येऊन-जाऊन असतो आणि पट्टी लागेपर्यंत दिवस गेलेले असतात. पट्टी अंगावर असताना पुन्हा सूचना आली तेव्हा ती ८४ टक्के वेळा खरी निघाली. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. साठीपुढच्या, बीपी आणि शुगर असलेल्या व्यक्तीला तो धोका जास्त. म्हणून तुमच्या आईंसाठी यातली सर्वांत उपयोगाची सोय मी हीच मानतो.

बसल्या-झोपल्या वेळचे ठोके चांगल्या घड्याळात बिनधास्त धरावेत. आठवड्याभराचा कल पाहा. नेहमी ७० असणारे ठोके कारण नसताना चार दिवस ८५ राहिले तर विचारपूस करण्याजोगं आहे. झोप एकूण किती तास झाली हे बऱ्यापैकी कळतं. गाढ, हलकी, स्वप्नांची झोप हे तक्ते मात्र अंदाज आहेत, कारण झोपेचे टप्पे मेंदूच्या विजेवरून ठरतात आणि घड्याळाला मेंदू दिसत नाही. कॅलरी तर सोडूनच द्या. २०१७ मध्ये स्टॅनफर्डनेच सात यंत्रं तपासली: ठोक्यांत सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सर्वांत चांगलं यंत्रही २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

मनगटावरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर औषधाचा किंवा रुग्णालयाचा निर्णय घेऊ नका. त्यात कातडीच्या रंगाचाही मुद्दा आहे आणि तो आपल्याला थेट लागू होतो. कातडीला रंग देणारं मेलॅनिन प्रकाश शोषतं. २०२० च्या अखेरीस मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की रुग्णालयातल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९२ ते ९६ दिसत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन खरं तर ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. ही यंत्रं प्रामुख्याने कोणाच्या कातडीवर जुळवली गेली, हा प्रश्न अनेक वर्षं कोणी नीट विचारलाच नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे. विकत घेताना गोऱ्या मनगटावरची जाहिरात बघून आकडा पक्का धरू नये.

बीपीचं सांगायचं तर, दंडाला कफ बांधून मोजलेलंच खरं धरा. ओमरॉनसारख्या मोजक्या कंपन्यांच्या घड्याळात पट्ट्यातच फुगणारा छोटा कफ असतो, ते वेगळं. बाकीची घड्याळं नाडीच्या लाटेच्या आकारावरून अंदाज बांधतात. सॅमसंगची सोय कोरियात २०२० मध्ये आली तेव्हापासून दर २८ दिवसांनी कफच्या मशीनशी पुन्हा जुळवून घ्यावी लागते, यावरूनच काय ते समजा. हजार-दोन हजारांच्या घड्याळात कसलीही जुळवणी न करता बीपी दिसत असेल तर तो आकडा बघूही नका.

शुगर ही सर्वांत धोक्याची जागा. कातडी न टोचता शुगर मोजणारं घड्याळ किंवा अंगठी म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या एकालाही मान्यता नाही असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. खोट्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला तर जीवावर बेतू शकतं. २००१ मध्ये ग्लुकोवॉच नावाचं यंत्र मान्यता घेऊन आलं होतं. ते सौम्य विजेने कातडीतून द्रव ओढायचं, पण कातडी लाल व्हायची, घामाने मोजणी चुकायची, आणि काही वर्षांत ते बंद पडलं. दंडावर चिकटवायचं सीजीएम (सतत शुगर मोजणारा सेन्सर) हे वेगळं आणि खरं तंत्र आहे. त्यातलं फ्रीस्टाइल लिब्रे २०१४ मध्ये युरोपात आलं. केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि एन्झाइमच्या मदतीने पेशींभोवतीच्या द्रवातलं ग्लुकोज १४ दिवस मोजतो. रक्ताच्या तुलनेत तो आकडा काही मिनिटं मागे असतो, म्हणून शुगर झपाट्याने उतरत असेल तर बोट टोचून खात्री करावी. ते लावायचं की नाही हे आईंच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

खरेदीचं म्हणाल तर आधी दंडाचं बीपी मशीन घ्या. उरलेल्या पैशांत ईसीजी आणि अनियमित ठोक्यांची सूचना अशी मान्यता असलेल्या दोन्ही सोयींचं घड्याळ बसत असेल तर ते. चार्जिंग किती दिवस टिकतं हे नक्की विचारा; रोज काढून चार्जिंगला लावायचं घड्याळ वयस्क माणसं महिनाभरात कपाटात ठेवून देतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा, पट्टा सरकणार नाही पण खूण उमटणार नाही इतपत. बांगड्या त्या हातात नकोत, त्या घड्याळावर आपटतात. ईसीजी काढताना बसून, दोन्ही हात मांडीवर टेकवून, बोट कोरडं असेल तर किंचित ओलं करून काढायचा, आणि तेवढा वेळ बोलायचं नाही. धडधड झाली आणि ईसीजी काढला तर पीडीएफ जपून ठेवा, सोबत वेळ आणि त्या वेळी आई काय करत होत्या हे दोन ओळींत लिहा, आणि पुढच्या भेटीत दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ईसीजी काढत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.